बोचक्यातली गोष्ट बोचक्यात

३ ऑक्टोबर
दुकानातून, दुपारी

जावईबापूंना,

सासूचा नमस्कार घ्यावा. इकडे सगळं आहे तसं आहे. धुण्याचं मोठं मशीन हादरे देतं म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारलाय. हॉटेलच्या चादरी वाढल्यात. माझे गुडघे कुरकुरतात, पण तेही मशीनसारखेच, शिव्या घातल्या की चालतात. तुमचं पत्र पोचलं. तुमची तब्येत विचारत नाही. अक्षर चांगलं गोल गरगरीत आहे, त्या अर्थी जेवणखाण नीट चालू असणार.

मी तिसरी शिकलेली बाई. एरवी लांबलचक लिहायचं असलं तर नातीला सांगते, ती लिहून देते. पण हे पत्र तुमच्या मुलीच्या हातात देण्यासारखं नाही, म्हणून स्वतःच बसलेय. चुका सापडल्या तर गिळा.

तुम्ही लिहिलंत की ऑपरेशनचं तुमच्या कानावर आलं आणि तुम्हाला माझ्या लेकीला 'शेवटचं एकदा भेटायचं' आहे.

शेवटचं? कोण निघालंय कुठे? आत्ता ती माझ्यासमोर स्टुलावर बसून उशांचे अभ्रे दुमडतेय. मला म्हणतेय, "आई, जीभ बाहेर काढून कुणाला लिहितेस गं?" मी म्हटलं, "साबणवाल्याला. तक्रार आहे." ती म्हणाली, "मग चांगलं झणझणीत लिही." आता तिचीच आज्ञा आहे तर मी कशाला हात आखडता घेऊ?

मागच्या वर्षीचा ऑगस्ट तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. आतड्यातली गाठ काढून तिला महिना झाला नव्हता. पोटावर ती पिशवी होती, शी बाहेर यायची. यकृतावर पाच डाग आहेत असं फोटोत निघालं. डॉक्टरीण म्हणाली, कॅन्सरची चौथी पायरी. तुम्ही 'चौथी' एवढंच ऐकलंत आणि कान मिटलेत. पुढे ती बाई अर्धा तास बोलत होती, काय काय करता येतं ते सांगत होती. तुम्ही खिडकीबाहेर गाड्या बघत होतात. मी बघत होते तुमच्याकडे.

मग एक दिवस पहाटे तिची पिशवी गादीत फुटली आणि त्याच दुपारी तुम्ही तिला माझ्या दुकानात आणलंत. बॅग काउंटरवर ठेवलीत. तिला खुर्चीत बसवलंत, पोरीला तिच्या शेजारी. म्हणालात, "मला हे बघवत नाही." अहो, कपडे टाकायला येणारं गिऱ्हाईक परत कधी नेणार ते तरी सांगतं. तुम्ही तेवढंही सांगितलं नाहीत. दारातून शेपूट घालून गेलात, ते चौदा महिने झाले.

आता तुम्हाला न बघवलेलं काय काय झालं ते वाचा. वाचवत नसेल तरी वाचा.

गळ्याखाली, कातडीच्या आत, बटणाएवढी डबी बसवली. दर दुसऱ्या मंगळवारी त्यात सुई खुपसायची. चार-पाच तास खुर्चीत औषध. मग कमरेला एक बाटली बांधून घरी पाठवायचे, ती दोन दिवस थेंब थेंब आत सोडायची. ती बाटली घेऊनच लेक जेवायची, निजायची, पोरीची शाळेची वही तपासायची. पहिल्यांदा फ्रिजमधलं दूध काढायला गेली आणि किंचाळली. गार वस्तूला हात लावला की काचा टोचल्यासारखं. औषधाचा गुण तसाच असतो म्हणे. तेव्हापासून लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडायची. पुढे बोटांची टोकंच बधिर झाली, शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरणीने त्यातलं एक औषध थांबवलं, बाकीची चालू ठेवली. अशा एकूण अठरा फेऱ्या. तोंड आलं, तळपाय सोलले. एकदा ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या, आठ दिवस दवाखान्यात. मी तिच्या पलंगाला टेकून बसायचे आणि तुमच्या नावाने बोटं मोडायचे. तेवढाच व्यायाम.

आणि आता ऐका. पाचातले तीन डाग फोटोत दिसतच नाहीत. दोन राहिलेत, तेही आक्रसलेत. यकृताचा डॉक्टर वेगळा आहे, उंच, कमी बोलणारा. तो म्हणाला, आता कापता येईल. यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं, हे मला या वयात कळलं. माणसापेक्षा बरं. पूर्ण बरी होईल असं त्याने म्हटलं नाही, पुन्हा उगवू शकतं असंही सांगितलं. पण दार उघडलंय. २९ तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन.

तर तुमचं 'शेवटचं' तुमच्यापाशीच ठेवा. तिला तुमच्या पत्रांचा पत्ता नाही. हो, पत्रांचा. तुमची आधीची सहा मी खळीच्या डब्यात दाबून ठेवलीत, हे सातवं. पहिलं फोडून वाचलं, मग बाकीची फोडायचीही तसदी घेतली नाही. तिला वाटतं, चौदा महिन्यांत नवऱ्याने एक ओळ धाडली नाही. वाटू दे. तू तिला काउंटरवर ठेवून गेलास ना? मग मी तुला डब्यात ठेवलंय. आता बस तिथे. (इतकी वर्षं अहोजाहो केलं, जीभ घसरली. पुसत नाही.)

येऊ नका. आलात तर दुकानाची पायरी मी चढू देणार नाही.

तुमच्यावर डोळा ठेवून असलेली,
सासू


१४ ऑक्टोबर

जावईबापूंना,

नमस्कार. हवा बदललीय, कपडे वाळायला दोन दिवस लागतात. नातीला शाळेच्या धावण्यात दुसरा नंबर मिळाला. पहिलीने लबाडी केली असं तिचं म्हणणं आहे, म्हणजे ती आमच्या घरात शोभते.

तुमचं चार ओळींचं पत्र आलं. तुम्ही लिहिलंय, 'मी पळालो हे खरं. त्याची शिक्षा द्या. पण तिला डॉक्टरकडे न्या असं सगळ्यात आधी मी म्हटलं होतं आणि तुम्ही हसला होतात.'

हे पत्र मी दोन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. फाडून टाकावं असं दहादा मनात आलं. हात उठला नाही.

हसले होते. मला तारीख आठवत नाही, पण ताट आठवतं. तुम्ही तिघं जेवायला आला होतात. ती अर्धं ताट सारून उठली आणि तुम्ही म्हणालात, "ही वाळत चाललीय. पोटाच्या डॉक्टरला दाखवू या." मी म्हटलं, "बायकांची दुखणी बायकांना कळतात, तुम्ही आमटी घ्या." तीही हसली. तुम्ही गप्प बसलात. एकदा बोलून गप्प बसलात, दुसऱ्यांदा बोलला नाहीत, हे मी तुम्हाला माफ करत नाही. पण एकदा तरी बोललात.

आता मी लिहिते ते कुणाला माहीत नाही.

तुमच्या घरचे कपडे दर सोमवारी माझ्याकडे यायचे. तुम्हीच स्कूटरवर बोचकं घालून आणायचात आणि काउंटरवर आपटायचात. आमच्या धंद्यात मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपडा उलटा करून बघायचा असतो. खिसे, डाग. मी चाळीस वर्षं बघतेय. कुठला डाग चहाचा, कुठला लोखंडाचा, कुठला नाकातल्या रक्ताचा, कुठला सुरीच्या कापाचा आणि कुठला महिन्याचा, हे मला डोळे मिटून वासावरून सांगता येतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तिच्या कपड्यांवर जो डाग होता तो महिन्याचा नव्हता. रंग वेगळा, जागा वेगळी, आठवडे वेगळे. पहिल्या सोमवारी मी म्हटलं, मूळव्याध असेल, मलाही झाली होती. दुसऱ्या सोमवारी पुन्हा. मग दर सोमवारी. आठ महिने.

मी काय केलं? गार पाणी, मीठ, हलक्या हाताने चोळणं. गरम पाणी घातलं की रक्त कापडात बसतं, म्हणून गार. डाग नखाएवढाही उरू दिला नाही. इस्त्री करून, घडी घालून, तुमच्याच हातात बोचकं परत दिलं.

का बोलले नाही, तर आमच्यात बोलत नाहीत. मी लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा एका शाळामास्तरणीला तिच्या नवऱ्याच्या शर्टावरचं काहीबाही दाखवलं होतं. मला वाटलं, चांगलं काम केलं. तिचं घर मोडलं, ती पुन्हा आली नाही, तिच्या गल्लीतली पाच घरंही आली नाहीत. माझ्या सासूने मला सगळ्या कामकऱ्यांसमोर सांगितलं, "बोचक्यातली गोष्ट बोचक्यात. धुवायचं आणि विसरायचं. डोळे उघडे, तोंड बंद, तरच लोक आपल्याकडे आपली घाण देतात." तेव्हापासून मी कुणाचं कधी काही बोलले नाही. या गावातल्या अर्ध्या घरांचं मला माहीत आहे. मरताना घेऊन जाईन.

पण हे बोचकं गिऱ्हाइकाचं नव्हतं. माझ्या पोटच्या पोरीचं होतं. ते उलटं करताना माझा हात गिऱ्हाइकाचा कपडा उलटावा तसाच चालला आणि तोंडही तसंच बंद राहिलं. सवय लागली की माणूस आपलं-परकं बघत नाही. सवयीवर ढकलतेय असं वाटलं तर वाटू द्या. थोडं ढकलतेयच.

गेल्या आठवड्यात ती तुमच्या मुलीचा फ्रॉक इस्त्री करत होती. बोटं बधिर, म्हणून चटका बसला तरी कळत नाही, मी शेजारी उभी राहून लक्ष ठेवते. ती सहज म्हणाली, "आई, बरं झालं तेव्हा तू सगळं मशीनमध्ये टाकायचीस. मला वाटायचं आईला दिसेल, मग वाटायचं, मशीनला कुठले डोळे? तुला कळलं असतं तर तू मला फरफटत दवाखान्यात नेलं असतंस."

मी म्हटलं, "इस्त्री वर घे, जळेल."

एवढंच बोलले. मी. जिची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ती.

आणखी एक लिहिते आणि थांबते, बोट दुखतंय. तुम्ही पळालात तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. शिव्या घालायला माणूस मिळाला. चौदा महिने मी तुमचा असा सूड घेतला की विचारू नका: मनात तुम्हाला पिळलं, आपटलं, दोरीवर टांगलं. तेवढा वेळ मला माझ्याकडे बघावं लागलं नाही. तुमची पत्रं डब्यात दाबली ती लेकीसाठी नव्हे. तुम्ही आलात, माफी मागितलीत, तिने केली, तर मग मी उरते एकटी. ते मला नको होतं.

म्हणून तुम्ही चांगले ठरत नाही. तुम्ही पळपुटेच. पण आता तुमच्या हातात माझ्या नरड्याची दोरी आहे. तिला कळवायचं असेल तर कळवा. तुमच्या जागी मी असते तर आजच्या टपालाने कळवलं असतं.

सासू


२३ ऑक्टोबर

जावईबापूंना,

हे घाईत लिहितेय. दवाखान्यात रक्त तपासायला गेलो होतो, आताच आलो. सगळं बरं निघालं, भूलवाल्या डॉक्टरने होकार दिला.

तुम्ही कळवलं नाहीत. आठवडाभर मी टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकली की काउंटरच्या मागे जायचे. तुम्ही कळवलं नाहीत हे मला बिलकूल आवडलं नाही. तुमच्या चांगुलपणाची मला सवय नाही, पचला नाही.

मग काल मीच सांगितलं.

तिला स्टुलावर बसवलं. खळीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. आधी पत्रांचं सांगितलं, मग कपड्यांचं. उलट्या क्रमाने सांगायला हवं होतं, पण हिंमत तेवढीच होती. ती ऐकत होती. मशीन चालू होतं, तिने हात लांब करून ते बंद केलं.

"किती महिने?" तिने विचारलं.

"आठ."

"आणि पत्रं?"

"आठच."

"जोडी बरी जमवलीस."

मग डबा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. नात शाळेतून आली, तिलाही आत घेतलं नाही. तास-दीड तासाने बाहेर आली. डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, डबा फेकेल. फेकला असता तर मी झेललाही नसता.

म्हणाली, "राग माझा होता, आई."

मी म्हटलं, "कुठला राग?"

"त्याच्यावरचा. माझ्या वाटणीचा होता. तू तो माझ्याकडून काढून घेतलास आणि चौदा महिने स्वतः मिरवलास. मला वाटत होतं, त्याने ओळही लिहिली नाही, म्हणजे तिकडे रागवायलाही कुणी नाही. मी सुई टोचून घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. मला त्याला सोलून काढता आलं असतं. प्रत्येक पत्राला उत्तर देता आलं असतं. केवढं बरं वाटलं असतं मला!"

मी म्हटलं, "आणि माझ्यावरचा?"

"तो तर तू मला कळूच दिला नाहीस."

मी म्हटलं, "मग आता रागव. मी इथेच आहे, कुठे पळत नाही."

ती म्हणाली, "आता वेळ नाही. गुरुवारी पोट फाडायचंय, तोवर मला जेवायचंय आणि झोपायचंय. त्याला लिही. म्हणावं ये. दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसवायचं. मी शुद्धीवर आले की आधी त्याला घेणार, मग तुला."

"मला आधी का नाही?"

"त्याचं लवकर उरकेल."

मग मऊ भात मागितला आणि दोन वाट्या खाल्ला. माझ्याशी कामापुरतं बोलते. 'औषध कुठाय', 'टॉवेल दे'. एवढंच. त्यानंतर मला आई म्हणत नाही. या घरात मी आजवर कधी इतकी घाबरले नव्हते.

आता नीट वाचा. गुरुवारी सकाळी सातला या. दवाखान्याची जुनी इमारत नव्हे, तिच्या मागची. तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडलात की डाव्या हाताला हिरवा बाक आहे. आत न्यायच्या आधी ती तुम्हाला दिसेल, पण तिच्या जवळ जायचं नाही, हात धरायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही. तिने तसं बजावून सांगितलंय. फुलं आणू नका. स्वेटर आणा, तिथे गार वाटतं. ऑपरेशन पाच-सहा तास चालेल. वेळ लागला म्हणून काही बिघडलं असं समजायचं नाही, असं उंच डॉक्टर म्हणाला. मी त्याला विचारलं, "धोका किती?" तो म्हणाला, "आहे." बरा माणूस आहे, साखर लावत नाही.

पोर तुमच्या शेजारी बसली तर बसू दे. ती काय बोलेल ते मला ठाऊक नाही, मी तिला शिकवलेलं नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला असेन. माझ्याशी बोलू नका. चहा आणलात तर पिईन, पण तेवढ्याने काही मिटत नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही मला करू नका, मला ते झेपणार नाही. आपल्या दोघांचं काय करायचं ते तिच्या हातात आहे, आणि ते करायला तिला त्या टेबलावरून परत यायला हवं. चौदा महिने मी तुमचं वाईट चिंतलं. आता मी फक्त एवढंच चिंततेय की चार-पाच दिवसांनी तिच्या नळ्या निघाव्यात, घशाला ओल यावी आणि तिने दार बंद करून तुम्हाला आत बोलवावं. तुमचा आवाज बाहेर येऊ नये, तिचा यावा. आणि मग दार उघडून तिने माझ्याकडे बघावं.

उशीर करू नका. उशीर आपण दोघांनी बराच करून झालाय.

बाकावर तुमच्या आधी येऊन बसलेली,
तिची आई